अश्विनीचं माहेरचं नाव

सोम., ३ फेब्रु., सांगली
सकाळपासून टॅबवरचे गरोदर बायकांचे फॉर्म तपासतेय. आष्ट्याच्या यादीत एकापाशी अडकले. अश्विनी, वय एकवीस, पहिलटकरीण, सातवा महिना. घरोघर जाऊन फॉर्म भरणाऱ्या आमच्या नंदाने शेवटच्या भेटीत बीपी घेतलंय, १५०/१००. खाली शेरा: माहेरी गेली, फॉर्म बंद. भेट बारा दिवसांपूर्वीची.
नंदाला फोन केला. म्हणाली, डॉक्टरांना दाखव म्हणून मी सांगितलं होतं तिला. पण दुसऱ्याच दिवशी डोहाळजेवण झालं आणि आठवा लागायच्या आत पाठवलीसुद्धा. शिवाय माहेरी गेली की फॉर्म बंद करायचा, हे ट्रेनिंगमध्ये तुम्हीच सांगितलंत मॅडम.
खरंय. नियम माझाच. मोठ्या हौसेने केलेला.

मंगळ., ४ फेब्रु., आष्टा
फॉर्मवरचा नंबर नवऱ्याचा. तो फौजेत, फोन लागत नाही. घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, सगळी लग्नाला गेलीत, उद्या येतील. माहेर पाटणच्या वर, डोंगरात. वाडीचं नाव तिला आठवलं, एवढं नशीब.
खटपट करून तिथल्या आशाताईंचा नंबर मिळवला. तीन वाड्या एकट्या बघतात बिचाऱ्या. दुपारी त्यांचा उलट फोन, "मॅडम, अश्विनी नावाची कुनी बी न्हाई आली हितं."
मग गेली कुठे?
ऑफिसात सरांना कळवलं. म्हणाले, फॉर्म नियमाप्रमाणेच बंद झालाय ना, मग आपल्यावर काही येत नाही. फोन आपटावासा वाटला. पण मोबाइल आपटला तर आपलाच फुटतो.
बारा दिवसांत बीपी आणखी चढलं असेल तर? झटके आले तर त्या डोंगरात... नको. जेवण गेलं नाही.

बुध., ५ फेब्रु., आष्टा
सासूबाई भेटल्या. चहा घेतल्याशिवाय बोलायला तयार नाहीत. वाडी तीच म्हणाल्या. पण तिथे अश्विनी नाही म्हणतात, असं म्हटलं तर हसल्या.
"अश्विनी आमी ठिवलंय, लग्नात. माहेरात ती सारिका."
काल-परवापासून जीव टांगणीला लागलाय आणि ह्या हसतायत. आधी कुणाला का नाही सांगितलं म्हटलं, तर म्हणे, "तुमी इचारलं कुठं?"
संडास आहे का, गॅस आहे का, सगळं विचारलंय फॉर्ममध्ये. हे नाही. आणि फॉर्म करणारी मी, लग्नाआधी माझं नाव कल्पना होतं! ताटातल्या तांदळात अंगठीने माझंही नवं नाव लिहिलं होतं. मला सुचू नये? फार लाज वाटली.
ओसरीवरूनच आशाताईंना फोन. "सारिका व्हय? आलीया की ती. पर ती माझ्या यादीत न्हाई, तिची यादी सासरला." सासरच्या यादीतून मी काढलेली, माहेरच्या यादीत कुणी घातलेली नाही.
संध्याकाळी कळलं. बीपी १७०/११०. दोन दिवस डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी. पहिलटकरणीचे पाय सुजतातच, असं तिची आई म्हणत होती. आशाताईंनी गाडी बोलावून कराडला हलवली.

गुरु., ६ फेब्रु., कराड
झटके आलेले नाहीत. इंजेक्शनं चालू. डॉक्टर म्हणाले, बाळ लवकर काढावं लागेल, उद्यापर्यंतच वाट बघू.
तिला पहिल्यांदाच पाहिलं. एवढीशी पोर, चेहरा सुजलेला. बीपी वाढलंय हे कळलं होतं तर डॉक्टरांना लगेच दाखवलं का नाहीस, असं विचारलं. जरा रागानेच विचारलं, कशाला खोटं लिहू.
"नंदाताईंनी मशिनीत लिवून घेतलं हुतं की. मला वाटलं, कोनतरी बघतंय."
तिची चादर उगीच नीट करत बसले. बाहेर आल्यावर रडू आलं. तिची आई तिथेच होती, तिने पाण्याची बाटली पुढे केली.

शुक्र., ७ फेब्रु., सांगली
अश्विनीला सकाळी नऊला ऑपरेशनसाठी आत घेतलंय. त्यानंतर कराडहून काही नाही. साडेअकरा झाले.
नुसतं बसवत नाही, म्हणून 'माहेरी गेली' शेऱ्याचे सगळे फॉर्म पुन्हा उघडले. सरांना विचारलेलं नाही. पहिलीच तासगावकडची, शेवटचं बीपी १४०/९०. मोबाइल कराडसाठी मोकळा ठेवून ऑफिसच्या फोनवरून लावला. सासूने उचलला. सूनबाई माहेरला गेलीया म्हणाली, गावही सांगितलं. मी विचारलं, माहेरी तिला कोणत्या नावाने हाक मारतात?
"व्हय की... काय बरं हुतं? थांबा, पोराला इचारून सांगते."
रिसीव्हर कानाला धरून लिहितेय. लांबून तिच्या हाका ऐकू येतायत, मुलगा काही ओ देत नाही. मोबाइल समोर आहे, अजून वाजलेला नाही.