तिसऱ्या खोलीचा पत्रा

अण्णा,

मागच्या मंगळवारी मुकुंदवाडीतल्या तुमच्या तिसऱ्या खोलीवरचा पत्रा उतरवला. तुम्हाला राग येईल, म्हणून आधी तेच सांगते. तुमच्या चारही खोल्या अजून भाड्यानं आहेत. पण मला हल्ली एका जागी बसवत नाही. शाळेतून शिकवून आले की पर्ससुद्धा न ठेवता खोल्यांकडे जाते, मान वर करून कुठं तडा दिसतो का ते बघत राहते. भाडेकरूंना वाटतं, बाईंचं काहीतरी हरवलंय.

झालं असं, की गारा पडल्या आणि तिसऱ्या खोलीच्या पत्र्याचा कोपरा फुटला. तुकडे ओट्यावर पडले. तिथं पाचोडची एक मुलगी राहते, नवरा आणि सव्वा वर्षाची लेक घेऊन. शेंद्र्याला एका कारखान्यात कामाला जाते. मी नेहमीच्या मिस्त्रीला बोलावलं. त्यानं शिडी लावली, उरलेला पत्रा फोडून काढायला हातोडा उचलला, तशी ती खालून ओरडली, "मामा, थांबा! हातोडा नका मारू!" मग माझ्याकडे वळली. "काकू, ह्यो ॲस्बेस्टॉसचा पत्रा हाय. फोडला की भुकटी उडती. डोळ्याला दिसत नाय, पण छातीत गेली की निघत नाय. कंपनीत शिकवलंय आम्हाला."

मिस्त्री हसला. "म्या लई फोडले असले. काय झालं मला?"

ती वाद घालत बसली नाही. लेकीला कडेवर घेऊन अंगणाच्या पार टोकाला जाऊन उभी राहिली. तिच्याकडे बघून मी मिस्त्रीला खाली उतरायला सांगितलं.

तेवढ्यात मला तुम्ही दिसलात. मी दहा वर्षांची आहे. याच अंगणात तुम्ही करवतीनं पत्रा कापताय आणि दुसरं टोक मी धरलंय. गिरणीतून आल्यासारख्या तुमच्या भुवया पांढऱ्या झाल्यात. माझा हात हलतो आणि तुम्ही खेकसता, "धर नीट! एवढंबी जमत नाय का?" मी रडवेली होते. मग तुम्हीच माझ्या वेणीवरची भुकटी फुंकून उडवता आणि म्हणता, "ह्यो पत्रा टिनासारखा तापत नाय बघ. राहणारे दुवा देतील." संध्याकाळी आई तुमचा सदरा दारातच झटकते, आणि ती पांढरी धूळ आमच्या सगळ्यांच्या अंगावर येते. तुम्ही उभ्या आयुष्यात बिडी ओढली नाहीत. तरी शेवटी शेवटी न्हाणीपर्यंत जातानासुद्धा तुम्हाला धाप लागायची. फुप्फुसं कडक झालीत, डॉक्टर म्हणाले. ती या भुकटीनंच झाली का, हे कुणी खात्रीनं सांगू शकणार नाही. तेव्हा मी विचारलं नाही. आता दिवसभर तेच विचारते, फळ्यावर लिहितानासुद्धा.

तिच्याच कंपनीतून या कामाची माहिती असलेली माणसं मिळाली. तोवर खोलीला कुलूप लावून तिघंही माझ्याकडे राहिली. माणसांनी अंगभर कपडे आणि चांगले मास्क घातले, पत्रा पाणी मारून ओला केला, हुक ढिले केले आणि न फोडता अख्खा खाली घेतला. तुकड्यांसकट जाड प्लॅस्टिकमध्ये दोनदा गुंडाळून परवाना असलेल्या गाडीतून पाठवला. नाल्याच्या कडेला टाकला नाही. झाडू कुणी हातात घेतला नाही, सगळं ओल्या फडक्यानं पुसलं. ती फडकीही बांधून दिली. ओट्यावरचं उघडं पीठ तिनं स्वतः टाकून दिलं. बाकी तीन खोल्यांचे पत्रे त्यांनी तपासले. धड आहेत. धड पत्र्याला हात लावू नका, रंगाचा थर द्या, भोक पाडू नका, घासू नका, तडा दिसला की लगेच कळवा, एवढं सांगून ती माणसं गेली.

खोलीवर नवा टिनाचा पत्रा बसल्यावर सामान परत लावताना तिनं सहज विचारलं, "काकू, तुम्हाला ठाव नव्हतं का हो हे?"

"नाही गं," मी म्हणाले.

अण्णा, मला दोन वर्षांपासून माहीत होतं. शाळेच्या शेडचे पत्रे बदलले तेव्हा इंजिनिअरनं आम्हा शिक्षकांना सगळं समजावून सांगितलं होतं. घरी येऊन मी एवढंच केलं, की भाडेकरूंना पत्र्याला खिळा मारायला मनाई केली. कारण विचारलं तर सांगितलं, गळेल. खोल्या रिकाम्या पडतील, ही भीती होती. तुमच्या हातचं काम लोक वाईट म्हणतील, ही त्याहून मोठी. मग ही मुलगी आली, पोटुशी होती, आणि मी तिच्या हातात किल्ली ठेवली.

काल बाकीच्या तिन्ही घरांना बसवून पत्र्याचं सगळं सांगितलं. एक कुटुंब पुढच्या महिन्यात जातंय. पाचोडची मात्र राहते म्हणाली. काकू चांगल्या आहेत, असं नवऱ्याला सांगत होती. मी ऐकलं आणि तशीच आत आले.

तिचं दार माझ्या दारापासून दहा पावलांवर आहे. तिथं जाऊन जे बोलायचं, ते इथं बसून तुम्हाला लिहिलं.