बरोबर उत्तरानंतर

४ जून
ह्यांचा जुना विद्यार्थी आला होता — सॉफ्टवेअरवाला. आता त्यालाही टक्कल पडलंय. निवृत्तीनंतर ह्यांनी विजेचं पुस्तक त्याच्याच सॉफ्टवेअरमध्ये बनवलं. पडद्यावर प्रश्न येतो. उत्तर चुकलं की ह्यांचा आवाज कुठे चुकलं ते समजावतो. बरोबर आलं की नुसती हिरवी खूण आणि पुढचं पान.

आता नवी आवृत्ती निघतेय. म्हणाला, "काकू, बरोबर उत्तरालाही सरांचा आवाज हवा, असं कॉलेजचं म्हणणं आहे. आहे त्या आवाजावरून मशीन 'शाबास' तयार करतं. फक्त तुमचा होकार पाहिजे."

गेलेल्या माणसाकडून वदवून घ्यायचं. जिवंतपणी कुणाला जमलं होतं? विचार करते म्हटलं.

५ जून
लेकीचा फोन. "आई, हो म्हणून टाक ना. बाबांच्या तोंडून शाबास ऐकू आलं तर वाईट काय?" तिलाही शाबासकी कधी मिळाली नाही. वर्गात पहिली आली तेव्हा निकाल बघून म्हणाले होते, "चष्म्याचा नंबर तपासून घे."

८ जून
पुस्तक तो टॅबमध्ये घालून गेला होता. आज धीर करून उघडलं. सहा आणि तीन ओहमचे दोन रोध समांतर जोडले, तर एकूण रोध किती? रोध म्हणजे विजेच्या वाटेतली अडचण, एवढं वाचून कळलं. मी आपली बेरीज केली. नऊ.

"घाई नको," हे म्हणाले.

टॅब हातातून सुटायचाच राहिला.

"खोलीला दोन दारं आहेत. बंद असलेलं दुसरंही उघडलं. बाहेर पडायला अडचण वाढली की कमी झाली? पुन्हा बघ."

किती मऊ आवाज! घरात असा कधी लागला नाही. फ्यूज का उडतो, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "तुला काय करायचंय?" भाजीत मीठ जास्त झालं की तेवढं बोलायचे. नाहीतर ताट रिकामं करून उठून जायचे. लोकांच्या पोरांसाठी एवढा धीर होता, तर माझ्या वाट्याला का नाही?

९ जून
मुद्दाम चुकले. अठरा. "गुणाकारावर थांबलास. बेरजेने भागायचं राहिलं." परत चुकले. दिवसभर चुकत राहिले. भांडी तशीच.

११ जून
सॉफ्टवेअरवाल्याने नमुना पाठवला. "शाबास! फारच छान!" आवाज अगदी ह्यांचाच. रडू आलं. मग राग आला — जन्मभर ज्याची वाट बघितली ते असं मिळावं, ह्यांना न विचारता. तरी पुन्हा लावला. पुन्हा.

हो सांगणार आहे. उद्या सकाळी.

१२ जून
फोन करण्याआधी पुढचा प्रश्न उघडला. चुकायचं ठरवूनच बसले होते. दहा आणि दहा, समांतर. दोन सारखीच दारं, म्हणजे अडचण निम्मी — बोट पाचवर गेलंसुद्धा.

हिरवी खूण. आवाज नाही. ताट रिकामं करून उठून जायचे, तसंच.

मग फोन केला. नको म्हटलं.

"का हो काकू? नमुन्यात काही चुकलं का?"

"नाही रे. बरोबर आलं की हे गप्प बसतात."