पुढच्या सीटवरचा दुपट्टा

३ फेब्रुवारी, मंगळवार

सुरभी गाडी घेते आहे. स्वतःची. सकाळी जीपमध्ये बाजूला बसल्या बसल्या सांगितलं, बाजारातून मेथी आणायची असल्यासारखं.

"तू संग येशील का? तुले गाड्यातलं समजते."

येतो म्हणालो. दुसरं काय म्हणणार. दोन वर्षं झाली — दारव्हा ते यवतमाळ, मी चालवतो ती सव्वाआठची फेरी, माझा दुपट्टा टाकून राखलेली पुढची खिडकीची सीट. ती आली की दुपट्टा उचलायचा, गळ्यात टाकायचा. दिवसातला तेवढा एक तास माझा. कॉलेजात एकाच वर्गात होतो. मी सरांशी भांडून दुसऱ्या वर्षाला बाहेर पडलो, ती बी.कॉम. होऊन पतसंस्थेत कॅशिअर झाली. तिची गाडी आली की त्या सीटवर कोण? सोयाबीनचं पोतं.

संध्याकाळी तिची पतसंस्था सुटल्यावर शोरूमला गेलो. नयन नावाचा सेल्समन. सगळं धरून सात लाख चाळीस हजार म्हणाला. त्यात आठ हजार 'हँडलिंग चार्ज'. म्हटलं, "कायचं हँडलिंग? गाडी डोक्यावर उचलून आणली का?" तो हसला. माझं डोकंच फिरलं. खुर्ची ढकलून बाहेर आलो. सुरभी दहा मिनिटांनी आली — पाणी प्यायला थांबलती म्हणे.

परतीच्या फेरीत म्हणाली, "पुन्हा जाऊ. घाई कायची आहे?"

४ फेब्रुवारी

घाई नाही म्हणाली. घाई नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

इथे तरी खरं लिहितो. आज हँडलिंग चार्ज गेला. तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण मी विम्याचा कागद धरला — हाच विमा बाहेर अकरा हजारांनी स्वस्त मिळतो. ते खोटं नाही. नयन "मॅनेजरसाहेबांना विचारतो" म्हणून काचेच्या केबिनीत गेला. आत पाठमोरा उभा राहून मोबाइल पाहत होता, मला दिसलं. बाहेर येऊन म्हणतो, "साहेब म्हणतात, पुढच्या आठवड्यात या." कॉलर धरणारच होतो. सुरभीने माझी बाही ओढली. बाही!

रागात होतो, आणि आतून बरं वाटत होतं. पुढच्या आठवड्यात या. म्हणजे पुन्हा दोघंच.

११ फेब्रुवारी, बुधवार

अय्यूबचाचा आज तोंडावर बोलले. जीप त्यांची, मी नुसता चालवणारा.

"बेटा, एवढ्या दिवसात मी माह्या दोन पोरींची सोयरीक जमवलती. तुमची एक गाडी जमून नाही राह्यली?"

"तो मॅनेजर बदमाश आहे, चाचा."

विडी विझवत म्हणाले, "मॅनेजर का डायवर?"

जीप धुतली. दोनदा.

१६ फेब्रुवारी, सोमवार

आज जमलं होतं. विमा बाहेरून घ्यायला हो म्हणाले. गाडी मागच्या डिसेंबरात बनलेली, म्हणून वेगळी सूट. सीटकव्हर आणि मॅटचं सक्तीचं पॅकेज तेवढं उरलं होतं. सुरभीने पर्समधून पेन काढला. आणि मी म्हणालो, "पांढरा रंग नको. धूळ दिसते."

आमच्या रस्त्यांवर कोणत्या रंगावर धूळ दिसत नाही?

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग पेन परत पर्समध्ये. "बरं. चंदेरी पाहू."

परतताना हळू चालवली. मागून एक बाई ओरडली, "काहून रे, बैलबंडी आहे का?" सुरभी खिडकीबाहेर पाहत हसली. मला हसू आलं नाही. डोळ्यांपुढे अजून तिच्या हातातला पेन होता.

१८ फेब्रुवारी, बुधवार

लाडखेडजवळ फॅनबेल्ट तुटला. मागून दुसरी जीप आली, सगळे तिच्यात चढले. सुरभी थांबली — जागा नाही म्हणाली. रेडिएटरसाठी आपली पाण्याची बाटली दिली. पतसंस्थेत पोचायला साडेअकरा. अर्ध्या दिवसाची रजा कापली.

रागावली असती तर बरं झालं असतं. मी नाटकं केली नसती तर आज स्वतःच्या गाडीने दहाला पोचली असती. हे प्रेम आहे की चोरी?

२१ फेब्रुवारी, शनिवार

सरळ बसलो, सरळ बोललो. मॅटचं पॅकेज काढायला लावलं. चेसिस नंबरवरून बनावटीचा महिना ताडून पाहिला. म्हटलं, पांढरीच द्या, आणि शेवटचा आकडा आज कागदावर पाहिजे. नयन केबिनीत जाऊन आला. "साहेब हो म्हणाले." सहा लाख अठ्ठ्याण्णव हजार. बेचाळीस हजार कमी केले मी, आवाज न चढवता.

"जिंकला तू," सुरभी म्हणाली.

घरी आलो. जेवण गेलं नाही.

२३ फेब्रुवारी, सोमवार

गाडी हातात आली. चाकाखाली लिंबू, नारळ, पेढे. ड्रायव्हिंग रविवारच्या क्लासात शिकलेली, पण हात पक्का आहे तिचा. दारव्ह्यापर्यंत माझ्या जीपच्या पुढे होती. आरशात नाही, समोर. ओव्हरटेक केलं नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी सवयीने दुपट्टा टाकला. एकाने विचारलं, "कोणी येऊन राह्यलं का?" म्हटलं, बसा.

दुपारी नयनने स्टँडवर गाठलं. "मॅडमची बुकिंगची पावती राहिलती. तुमच्या जीपनं पाठवतो." पाकीट उघडंच होतं. तारीख ३ फेब्रुवारी. रंग पांढरा. ठरलेली किंमत सहा लाख अठ्ठ्याण्णव हजार.

"माह्याकडे काय पाह्यता, भाऊ? तुम्ही रागानं बाहेर गेल्ते, तवाच दहा मिनिटात फायनल केलतं मॅडमनं. वरून मले म्हणे, हा आला की थोडं अडवून धरजा. मॅनेजर तर एक तारखेपासून सुट्टीवर आहे."

हे तिच्या पतसंस्थेबाहेर, जीपमध्ये बसून लिहितो आहे. साडेपाचला सुटेल. तिची पांढरी गाडी समोरच उभी आहे. मी दुपट्टा टाकून ठेवला आहे.