मुलाखतीच्या दिवशी जाळी पाण्यात गेली नाहीत

मौजा डोंगरबोडी, ता. सावली
दि. ९ फेब्रुवारी २००९

आदरणीय लटारूभाऊ यांस सोमाजीचा हात जोडून रामराम. तुमचा गुडघा आता कसा आहे? वहिनींची साखर उतरली का? इकडे गिरजा ठीक, हेमराज आणि सूनबाई ठीक, नात आचल ठीक, आणि मीही ठीक आहे. गुरुवारी दुपारी तुमच्या शेजाऱ्यांच्या फोनवर मी गेल्याची जी बातमी आली ती खरी नव्हती, हे तुम्हाला मूलच्या बसस्टँडवर समजले आणि तुम्ही तिथूनच चंद्रपूरला परत फिरलात असे कळले. (तुमची बहीण गिरजा विचारते, माणूस जिवंत असला तर त्याला भेटायला यायला काय हरकत होती?) माझा राग नाही. पण ही हकीकत लोकांच्या तोंडून वेडीवाकडी कळण्यापेक्षा माझ्या हातून कळलेली बरी, म्हणून लिहितो. चौथी शिकलेल्या माणसाच्या चुका पोटात घाला.

आचल कॉम्प्युटरचे इंजिनियरिंग पास झाली त्याला आठ महिने झाले. ज्या वर्षी ती पास झाली त्याच वर्षी जगभरच्या कंपन्यांना मंदी आली. आठ मुलाखती झाल्या. कुणी नाही म्हणाले, कुणी कळवतो म्हणाले आणि अजून कळवतच आहेत. शेवटी तिने सांगून टाकले की पुण्याच्या कंपनीची ही एक मुलाखत देते, नाही जमली तर प्रोग्राम लिहिण्याचे नाव काढणार नाही, मूलला झेरॉक्सच्या दुकानात बसेन. दुकानदाराने एक मार्चपासून बोलावलेही आहे. झेरॉक्स वाईट नाही. पण भाऊ, जी पोरगी चार वर्षे मेसचे पाणचट वरण खाऊन स्वतःच्या डोक्यातून नवे काही लिहायला शिकली, तिने उरलेला जन्म दुसऱ्यांच्या कागदांच्या नकला काढायच्या, हे माझ्या मनाला पटेना. मी ठरवले की ही मुलाखत नीट पार पाडायचीच. (गिरजा म्हणाली, मुलाखत तिची हाये, तुमची नाई. पण गिरजाला काळजी करता येत नाही, त्यामुळे घरातले ते सगळे काम माझ्यावर पडते.)

ही मुलाखत फोनवर होणार होती. साहेब पुण्यात, पोरगी इथे, आणि तासभर त्याने हा प्रोग्राम कसा लिहाल, तो कसा लिहाल, असे विचारायचे. मोबाइलची रेंज आमच्याकडे तलावाच्या बांधावर, पाळीवर येते, तीही वाऱ्याच्या मर्जीने. गावात चालू असलेला तारेचा फोन एकच, मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात. अकरा वर्षे मी तिथे अध्यक्ष होतो, तेव्हा किल्ली मागायला संकोच वाटला नाही. पण त्या फोनची तार भिंतीच्या तळाशी डबीजवळ सैल झाली आहे. अंगठ्याने दाबून धरली तर बोलणे होते, सोडली की पुणे बंद. चिकटपट्टी लावली, मेण लावले, जाळ्याचा दोरा गुंडाळला. शेवटी अंगठ्याशिवाय इलाज नाही असे ठरले आणि तो अंगठा माझा असावा असे मी ठरवले.

त्याआधी आठ दिवस सराव केला. आचलने मला प्रश्न देवनागरीत लिहून दिले आणि मी चष्मा लावून साहेब झालो. पहिल्याच प्रश्नाला अडलो. लिंक लिस्ट उलटी कशी कराल? ज्याचा प्रश्नच मला कळत नाही त्याचे उत्तर बरोबर आले हे मी कशावरून म्हणणार? तेव्हा तिने मला पाळीवर नेले. तिथे झिंगू, मंगरू आणि आणखी पाच जण जाळी सुकवत होते. त्यांना तिने एकामागे एक उभे केले, डोळ्यांवर दुपट्टे बांधले आणि प्रत्येकाला पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवायला लावला. प्रत्येकाला फक्त आपला पुढचा माहीत, बाकी जग अंधार. आता ही रांग उलट्या दिशेने करायची, प्रत्येकाने मागच्याला धरायचे, पण एकही माणूस हरवायचा नाही. मंगरूने उत्साहात पुढच्याचा खांदा आधीच सोडला आणि मागे चाचपडत बसला. पुढचे तिघे कोणाशीच जोडलेले राहिले नाहीत. ते आपले चालत गेले ते थेट पाळ उतरून गाळात. आचल टाळ्या वाजवून म्हणाली, "पाहा आबाजी, हेच होते! सोडाच्या आधी पुढच्याचा पत्ता कुठीतरी धरून ठेवा लागते." गाळातून झिंगू ओरडला, "पत्ता मंग धर वो माय, आधी आमाले धर!" तेव्हापासून लिंक लिस्ट मला पाठ आहे. पण पोरीचा सराव घेताना मी पाहिले की पाळीवर ती हसत बोलते आणि घरात, वहीसमोर, तोंडपाठ केल्यासारखी घाबरत बोलते. आठही मुलाखती तिने तशाच दिल्या असणार.

आता माझी चूक सांगतो. गुरुवारी अकराची वेळ होती. सकाळी मोठे जाळे ओढताना आमची माणसे जे ओरडतात ते तुम्ही ऐकलेच आहे, आणि ऑफिस तर पाळीला लागून. म्हणून मी बेचाळीस घरी फिरून सांगितले की गुरुवारी कुणी तलावात उतरायचे नाही, जाळी बांबूवर टांगा आणि मुकाट ऑफिससमोर बसा. झिंगूला दारावर बसवले आणि बजावले की मी बाहेर येईपर्यंत तोंड उघडायचे नाही, कुणीही आले तरी. मी अध्यक्ष असताना जी एकजूट झाली नाही ती त्या दिवशी झाली. इतकी की एक कावळा बोलला तर सगळ्यांनी त्याच्याकडे रागाने पाहिले.

पण आपल्या लोकांत भरल्या हंगामात जाळी पाण्याबाहेर कधी राहतात, हे सांगायला मी तुम्हाला का हवा? आपल्यातले कोणी गेले की त्या दिवशी तलावात जाळे पडत नाही. तलावापलीकडच्या वस्तीचे, टोल्यावरचे लोक बांबूवर जाळी पाहतात आणि निघतात, निरोप्या लागत नाही. मला हे साठ वर्षे माहीत आहे आणि त्या दिवशीच आठवले नाही. पलीकडे माझी बहीण गुणाबाई दिली आहे. तिने काय पाहिले? जाळी वर, माणसे माना खाली घालून सोसायटीसमोर, आणि सगळ्यांत म्हातारा तेवढा त्यांच्यात नाही. चुलीवरचा भात तसाच ठेवून ती वीस बायका घेऊन पाळीवरून रडत निघाली. (तिच्याच दिराने सावलीला सायकल हाणली आणि तुम्हाला फोन केला.)

आत मी भिंतीशी जमिनीवर आडवा, अंगठा तारेवर. आचलने लिंक लिस्ट उलटी केली, सगळी माणसे सुखरूप. पण आवाज तोच वहीवाला, बारीक. पुढच्या प्रश्नाला ती अडखळली. "सॉरी सर" म्हणाली, पुन्हा "सॉरी सर" म्हणाली. आणि नेमके तेव्हाच बाहेर माझ्या नावाचे रडणे सुरू झाले. गुणाबाई विचारते आहे, "माहा भाऊ कुठी हाये रे?" आणि झिंगू, शब्दाला पक्का, बोटाने आत दाखवतो आणि मान हलवतो (हे मला मागून कळले). मग काय विचारता! माझे सगळे गुण मी त्या दिवशी ऐकले. मी लहानपणी तिच्या वाटची मरळ खाल्ली होती, तीही तिने मला माफ केली. उठून बाहेर तोंड दाखवावे तर फोन बंद. न उठावे तर मी मेलेला. मी मेलेलाच राहिलो. तेवढ्यात ती खिडकीशी आली. मला जमिनीवर पाहून तिने जी किंकाळी फोडली ती पुण्याला तारेशिवायही गेली असती. मी डाव्या हाताचे बोट ओठांवर ठेवले. ती थबकली. मग दुप्पट जोराने, "मेला नाई त मले काऊन रडवून राह्यला रे मुडद्या?"

काय गडबड आहे असे साहेबाने विचारले असणार, कारण आचल एकदम खळखळून हसली. अगदी पाळीवर हसते तशी. मग इंग्रजी सोडून हिंदीत बोलू लागली म्हणून मला समजले. सर, माझे आजोबा गेले असे लोकांना वाटले आहे, ते इथेच आहेत, फोनची तार धरून. साहेब हसला असावा. त्याने कारण विचारले, तिने जाळ्यांची खूण सांगितली. यावर तो म्हणाला, प्रश्नांची वही बाजूला ठेवतो (त्याचे बोलणे मला तिने नंतर सांगितले), आणि त्याने विचारले, ही गफलत पुन्हा होऊ नये म्हणून तू काय करशील? ती म्हणाली, जुन्या खुणेला हात लावणार नाही, लोक तिच्यावर विसंबून आहेत. दुसऱ्या कारणाने जाळी वर ठेवली तर पहिल्या बांबूला लाल कपडा बांधायचा. साहेब म्हणाला, कपडा वाऱ्याने उडाला तर? आचल म्हणाली, तर लोक उगाच रडत येतील. पण खरेच कोणी गेले आणि कोणी आलेच नाही, यापेक्षा ते बरे. भाऊ, हे ऐकून मी तार आणखी घट्ट दाबली. पुढे पाऊण तास ते दोघे बोलत होते. ती एकदाही सॉरी म्हणाली नाही.

शनिवारी सावलीच्या कॉम्प्युटरवर तिला निरोप आला. आणखी एक मुलाखत आहे, शेवटची, ह्या बुधवारी नाही, पुढच्या, अठरा तारखेला. ही कॅमेऱ्यावर, साहेब तिला पाहणार, म्हणून चंद्रपूरच्या सायबर कॅफेत द्यायची. ती आता आपल्या पायांवर उभी आहे, मला कसलीच चिंता उरलेली नाही. रात्री झोप चांगली लागते. वहिनींना नमस्कार.

आपला,
सोमाजी

ता. क. आचल म्हणते, चंद्रपूरला मी एकटीच जाईन, आबाजी, तुमी घरीच राहा. हेमराजही तेच म्हणतो. तरी तुम्ही कृपा करून लगेच उलट टपाली एक पत्र लिहा की तुमची तब्येत फार बिघडली आहे आणि सोमाजीला त्या अठराच्या बुधवारी सकाळच्या बसने पाठवा. सायबर कॅफेच्या आत मी पाऊल टाकणार नाही. समोर चहाची टपरी असेलच.

पुन्हा ता. क. हे पत्र गिरजाने वाचले. आजार दोन माणसांना यावे लागेल एवढा लिहा, पण हेमराजलाही यावेसे वाटेल एवढा लिहू नका.