नांदुऱ्याला गॅस पसंत करायला गेलो त्याची हकीकत

वडनेर भोलजी,
सोमवार

ती. किसनरावदादा यांना शालिग्रामचा वाकून नमस्कार.

इकडे माणसं सगळी खुशाल आहेत. (स्वयंपाकघर खुशाल नाही, त्याबद्दल पुढे लिहितो.) तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेला पट्टा तुम्ही बांधत नाही, खुंटीला टांगून ठेवता, असं कानावर आलं. दुखणं खुंटीला नाही, तुम्हाला आहे, एवढंच लहान तोंडी लिहितो. वच्छलावहिनींची तब्येत बरी असेल. सोयाबीन घरात आलं असेल. आमचं आलं, आणि ते ओसरीत ठेवल्यामुळे सध्या आम्ही घरात तिरपे होऊन शिरतो.

पत्रास कारण की, आमचा जुना गॅस गेला. तुम्ही पाहिला आहे तो, स्टीलचा, दोन बर्नरचा. त्याचं डावं बटन कधीच तुटलं होतं, ते आम्ही पकडीनं फिरवत असू. (पकडीची जागा मिठाच्या बरणीशेजारी. एकदा वायरमन ती घेऊन खांबावर चढला, तो उतरेपर्यंत भात उतू जात होता.) उजव्या बर्नरची आच एका अंगाला झुकलेली, त्यामुळे भाकर एका बाजूनं फुगायची आणि दुसरी बाजू वाट पाहत बसायची. याची सगळ्यांना सवय होती. पण गेल्या महिन्यात गॅसचा एक पाय गंजून निखळला आणि वरणाचं पातेलं कलंडलं. कोणाला भाजलं नाही. वरण सगळं उघड्या पिठाच्या डब्यात गेलं. आमच्या आईनं डब्यात डोकावून पाहिलं, त्यातच पीठ मळलं आणि वरणफळं केली. चांगली झाली होती. पण रोज हे करता येणार नाही, म्हणून नवा गॅस घ्यायचं ठरलं.

ठरलं एवढंच, पुढे काही ठरेना. आमच्या कुलदीपची बायको निशिगंधा (तुम्ही लग्नात तिला पाहून "पोरगी उंच आहे" म्हणाला होतात, ती अजून तेवढीच आहे) काचेचा गॅस घ्या म्हणाली. पुसायला सोपा, दिसायला चांगला. तिनं मोबाइलवर काचेच्या गॅसचे व्हिडिओ दाखवले. त्यात एक बाई तो नुसता पुसत होती, त्यावर शिजवलं काही नाही. आईनं ते शांतपणे पाहिलं आणि म्हणाली, "काच बांगडीत असते अन् चष्म्यात असते. चुलीवर काऊन पायजे?" तिला स्टीलचाच हवा होता, जुन्यासारखा, फक्त पाय असलेला. मला विचारलं तेव्हा मी दोघींचं म्हणणं बरोबर आहे म्हणालो. त्यामुळे दोघीही माझ्याशी बोलेनाशा झाल्या. चहा मिळायचा, पण ओसरीत ठेवून माणूस आत निघून जायचं. तुमची बहीण अन्नपूर्णा या सगळ्यात काही बोलली नाही. ती बोलली नाही हे आमच्या कोणाच्या लक्षातही आलं नाही, कारण ती एरवीही मधात बोलत नाही.

शेवटी सगळ्यांनीच नांदुऱ्याला जाऊन पसंत करावा असं ठरलं. ऑटोत आईच्या मांडीवर एक जड पिशवी होती. मला वाटलं, डबा असेल. दुकानात गेल्यावर तिनं त्यातून आमचा भाकरीचा लोखंडी तवा काढला. गॅसवर काय मावतं ते ठेवून पाहिल्याशिवाय कसं कळणार, हा तिचा मुद्दा, आणि खरं सांगायचं तर तो खोडता येण्यासारखा नव्हता. तिनं फळीवरचे गॅस खाली फरशीवर मांडायला लावले, समोर एक गुडघा मोडून बसली, आणि पीठ नसताना भाकर थापून पाहू लागली. थापायची, उचलायची, तव्यावर टाकायची, पाण्याचा हात फिरवायची, उलटायची. मग दुसऱ्या गॅसपुढे सरकायची. हळूहळू गिऱ्हाइकं जमली. एक बाई मिक्सर घ्यायला आली होती, तीही खाली बसली. आईनं दुकानदाराला गॅस पेटवून दाखव म्हटलं. तो म्हणाला, दुकानात पेटवता येत नाही. आई म्हणाली, "म्हंजे नवरदेव दाखवल्याबिगर लगन लावून राह्यले तुमी." दुकानदारानं तिच्यासाठी चहा सांगितला.

काचेच्या गॅसची पाळी आली तेव्हा तिनं तव्याची कड त्याच्यावर ठक्कन वाजवली. दुकानदारानं डोळे मिटले. काच फुटली नाही. (आईची थोडी निराशा झाली, असं मला वाटलं. निशिगंधाचा चेहरा उजळला.) मग तीन बर्नरचा पाहिला. त्यावर आमचा तवा ठेवला की शेजारच्या बर्नरवर कुकर बसेना, आणि मधल्या बर्नरवर फक्त चहाचं भांडं, तेही दांडी बाहेर काढून. तीन बर्नरचा गॅस आमच्या तव्यापुढे दीड बर्नरचा होतो, हे निशिगंधानं स्वतःच मोठ्यानं सांगितलं. पोरगी खोटं बोलत नाही. त्या एका वाक्यानंतर आईनं तिला आपल्या शेजारी बसायला जागा करून दिली.

तोवर अन्नपूर्णा पंख्याखाली स्टुलावर बसून होती. दुकानदार दमला होता. तो तिच्याकडे वळून म्हणाला, "काकू, तुमाले कोनता पायजे?"

ती म्हणाली, "ठेंगणा."

"म्हंजे?"

"ज्याची उंची कमी असन तो. मले पातेल्यात दिसत नाही."

दादा, आई तवा हातात धरून तिच्याकडे पाहत राहिली. म्हणाली, "मंग आजपावतर कसं करत होती वं तू?"

"वासावरून," अन्नपूर्णा म्हणाली. "अन् पाटावर उभी राहून."

तो पाट मी रोज पाहतो. ओट्यापाशी असतो. मी त्याला अडखळून पडलोही आहे, आणि हा पाट इथे कशाला ठेवता म्हणून ओरडलोही आहे. तो कशाला आहे हे मी विचारलं नव्हतं. लग्नापासून तिच्या हातची वांग्याची भाजी खातो आहे, गावभर तिचं कौतुक सांगत आलो आहे, आणि ती भाजी बाईनं न बघता केलेली होती.

आता ओट्याबद्दल. घर बांधलं तेव्हा माझी पेरणी चालू होती, म्हणून देखरेखीला तुम्ही जानेफळहून आला होता. मिस्त्रीनं ओट्याची उंची विचारली आणि तुम्ही भिंतीशी उभे राहून "माझ्या कमरेइतका घे" म्हणालात. मिस्त्रीनं घेतला. तुम्ही दारातून जाताना मान खाली घालता, आणि अन्नपूर्णा तुमच्या खिशापर्यंत येते. मी तुम्हाला दोष देत नाही. तुम्ही आमच्या घरासाठी उन्हात उभे राहिलात. फक्त तुमच्याऐवजी दुसरं कोणी उभं राहिलं असतं तर बरं झालं असतं.

घरी परतताना ऑटोत मी तिला हळूच विचारलं की, एवढे दिवस सांगितलं का नाही. ती बाहेर कपाशी पाहत होती. म्हणाली, "दादानं माप देल्लं होतं. त्याले वाईट वाटलं असतं." मग थोड्या वेळानं, "अन् ओटा चांगला हाये. गुळगुळीत हाये." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. (वरणफळंच होती, शिळी नव्हती.)

तर आता गॅस घेतला आहे. दोन बर्नरचा, बर्नर लांब लांब असलेला, आणि उंचीला दुकानातला सगळ्यात कमी. तो नेमका काचेचा निघाला. आई काही बोलली नाही, कारण तिच्यासाठी वेगळा एका बर्नरचा स्टीलचा घेतला. तो खाली फरशीवर ठेवून ती बसून भाकरी करणार आहे. पण ठेंगणा गॅस उंच ओट्यावर ठेवून किती फरक पडणार? दोन बोटं. तेव्हा ओटा फोडायचं ठरलं आणि मिस्त्री बोलावला. त्यानं माप कोणाचं घेऊ असं विचारलं. (मिस्त्री तोच आहे, पण शहाणा झाला आहे.) निशिगंधा म्हणाली, आईंचं (म्हणजे तिच्या सासूचं, अन्नपूर्णेचं) घ्या, मी थोडी वाकीन. अन्नपूर्णा म्हणाली, वाकायचं नाही, हा त्रास एका घरात दोघींना कशाला. दोघी बराच वेळ एकमेकींसाठी भांडत होत्या. पहिल्यांदाच कोणी माझ्याकडे निकाल मागितला नाही, म्हणून मी तिथेच उभा राहिलो. शेवटी ओटा दोन उंचीचा ठरला. गॅस ठेंगण्या बाजूला, आणि चिरायचं, निवडायचं, कणीक मळायचं उंच बाजूला. उंच बाजूला उभं राहायला कुलदीपचीही उंची बरोबर येते असं निशिगंधानं मोजून दाखवलं. कुलदीपनं मोबाइल पाहिला. मोबाइल वाजला नव्हता.

बाकी सर्व ठीक. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. गुडघ्याला पट्टा बांधावा.

तुमच्या घरचा जावई,
शालिग्राम

ता. क. : ओट्याच्या मापाबद्दल दादाला एक अक्षर कळवू नका, अशी अन्नपूर्णेनं मला शपथ घातली आहे. तेव्हा तेवढा भाग तुम्ही वाचला नाही असं समजावं, आणि ती आली की तोंडावर काही दिसू देऊ नये.

पुन्हा ता. क. : ती येते आहे. ओटा फोडला आहे, नव्यावर आठवडाभर पाणी मारावं लागेल, आणि स्वयंपाकघरात उभं राहायला जागा नाही. म्हणून आई, अन्नपूर्णा आणि निशिगंधा शुक्रवारी तुमच्याकडे राहायला येत आहेत. मी आणि कुलदीप इकडे पाणी मारू.

शेवटचं : त्याच गाडीत मिस्त्रीही येतो आहे. तुमच्या घरचा ओटाही तुम्हीच कमरेला लावून मापला होता, असं वच्छलावहिनींनी काल अन्नपूर्णेला फोनवर सांगितलं. शनिवारी सकाळी तो फोडायचा, आणि तोवर चूल तुमच्या बैठकीत मांडायची, असं दोघींचं ठरलं आहे. मी म्हटलं, हे दादांना फोनवरच सांगून टाका. वहिनी म्हणाल्या, "नाही, चिठ्ठी लिहा. फोनवर ते मधातच बोलतात."