गाडीतलं वजन

रविवार, संध्याकाळ

सकाळी पारशिवनीच्या रस्त्यावर जाऊन आलो. रिटायर झालो तरी गाडीला हवा किती अडवते, हे दरवर्षी मोजायची खोड काही जात नाही. ऐंशीचा वेग घ्यायचा, गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची आणि वेग किती सेकंदांत उतरतो ते पाहायचं. घड्याळ सुधाकडे असायचं. काटा दहानं उतरला की ती "झालं" म्हणायची. पाच महिन्यांपासून ती पुण्याला, लेकीकडे. आज मोबाईलवर रेकॉर्डिंग लावून मीच "झालं, झालं" म्हणत गेलो.

परतताना चहावाल्यानं विचारलंच, "काहून सर, एकटेच? मॅडम नाही आल्या?"

"येतील," म्हणालो. कधी, ते तिनं सांगितलेलं नाही. मीही विचारलेलं नाही.

दुपारभर गणित घेऊन बसलो. हवेचा अडथळा मागच्या वर्षीपेक्षा जास्तच येत होता. टायर तपासले, रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. किती चिडका झालाय माझा आवाज! मग चूक सापडली. सवयीनं मी गाडीच्या वजनात दोन माणसं धरली होती. जन्मभर पोरांना शिकवलं, आधी वजन तपासा म्हणून! सुधाचे अठ्ठावन्न किलो वजा केले आणि उत्तर मागच्या वर्षीइतकंच आलं.

आत्ता तिचा फोन येऊन गेला. "किती आलं यंदा?"

"तेवढंच."

"पाहा, माझ्याबिगर जमलं न तुम्हाले!"

"जमलं," म्हणालो.

अठ्ठावन्न किलो वजा केल्यावर जमलं, हे काहून नाही सांगितलं मी तिला?