हॉलच्या मधोमध

मॉस्को, रविवार

ती. झोयाताईस,

धाकट्या गेनाचा सादर नमस्कार. गुडघा आता कसा आहे? तांबोव्हात थंडी ओसरली का? तू पाठवलेलं काकड्यांचं लोणचं पोचलं आणि संपलंही. माझी प्रकृती आज सकाळपर्यंत उत्तम होती.

आता तुझ्या रिम्मा पाव्लोव्हनाबद्दल. ‘ही शेवटची. हिला घालवलीस तर जन्मभर एकटा बटाटे उकडत बस,’ असं तू बजावलंस, म्हणून मी बाईंना स्वच्छ अक्षरात कळवलं : आर्बात्स्काया स्टेशन, हॉलच्या मधोमध, अकरा वाजता. (मॉस्कोत माणसं भेटतात ती अशीच.) त्या नावाची दोन स्टेशनं आहेत, म्हणून ‘फिकट निळ्या लाइनवरचं’ हे शब्द दोनदा अधोरेखित केले. चौतीस वर्षं भूमिती शिकवलेल्या माणसाच्या पत्त्यात चूक निघायची नाही. खूण म्हणून माझ्या हातात तीन कार्नेशनची फुलं, त्यांच्या अंगावर करडी शाल.

वीस मिनिटं आधी पोचलो आणि मध्य शोधू लागलो, तर मधोमध रूळ! या स्टेशनाला हॉलच नाही गं. दोन कडांना दोन फलाट आणि मधून गाड्या. बावीस वर्षं मी तिथूनच शाळेत जात होतो, पण तिथे कुणाला भेटायला बोलावण्याची वेळच आली नव्हती, तर लक्षात कसं येणार? निदान आपल्या फलाटाचा तरी मध्य गाठावा म्हणून तिथे जाऊन उभा राहिलो. गर्दीत एक फूल मोडलं. उरली दोन. (दोन, म्हणजे सम संख्येतली फुलं आपण फक्त मयताला वाहतो, ते तुला ठाऊक आहे.) बाई घाबरायला नको, म्हणून ती कोटात लपवली; हातात राहिली नुसती छत्री.

पलीकडच्या फलाटावर लाल टोपीतली एक बाई कोबीचा पाव खात उभी होती. एकदम ओरडली, ‘‘अहो छत्रीवाले, इथे मधोमध कुठं आलं हो?’’

‘‘रुळावर, बाई!’’

ती अशी हसली, ताई, की मीही हसत सुटलो. बोलायला तोंड उघडलं की गाडी आडवी यायची. शेवटी जिना चढून पलीकडे गेलो, तर ती माझ्या फलाटावर! परत आलो, तर ती पलीकडे. तिसऱ्या खेपेला दिसलीच नाही.

तुझी रिम्मा मात्र तासभर वाट पाहूनही आली नाही. बाईला वेळेची किंमत नाही. आमचं जमायचं नाही, तसं कळव.

तुझा,
गेना

ता. क. : आणखी स्थळं शोधू नकोस. यापुढे दर रविवारी अकरा वाजता मला काम आहे.

ता. क. २ (मंगळवार) : पाकीट चिकटवतोय तोच तुझी तार. ‘रिम्मा म्हणते तू आला नाहीस. उकडत होतं म्हणून शाल घातली नव्हती. समोर छत्रीवाला हसरा माणूस होता, तो पळाला. तूच ना रे गाढवा?’

ताई, वरचं सगळं खोडलंय असं समज. तिला सांग : येत्या रविवारी, अकरा वाजता, तोच फलाट. मी पाच फुलं आणतो, दोन मोडली तरी चालतील. तिनं फक्त जागचं हलायचं नाही. पलीकडे मी येईन.